अमेरिकेतले शिकारी घरच्या टेबलावर काडतुसं का भरतात? एकाच काडतुसाचे तीन हिशोब समजून घ्या

एक रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आली असेल. अमेरिकेतला एखादा माणूस मोकळ्या मैदानात उभा आहे. हातात भलीमोठी हँडगन, वर दुर्बीण बसवलेली. तो चाप ओढतो, मोठा आवाज होतो, नळीच्या तोंडातून जाळ निघतो आणि दोन्ही हात बंदुकीसकट कपाळाच्या वर जातात. खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस.

मग कोणीतरी विचारतं, "भाऊ, ही पिस्तूल आहे की तोफ?"

प्रश्न तसा बरोबर आहे. कारण त्या बंदुकीत पिस्तुलाचं काडतूस नसतंच. त्यात रायफलचं काडतूस असतं, तेही एका वेळी फक्त एक. आणि बऱ्याचदा ते दुकानातून आणलेलं नसतं, त्या माणसाने घरी टेबलावर बसून स्वतः भरलेलं असतं. या छंदाला तिकडे रिलोडिंग किंवा हँडलोडिंग म्हणतात.

ऐकायला हे वेडेपणाचं वाटतं. पण त्यामागे जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे, बरंच भौतिकशास्त्र आहे आणि एक अशी चूक आहे जी करणाऱ्याला होण्याआधी दिसतच नाही. तीच चूक काय, हे समजून घेऊया.

आधी काडतूस म्हणजे नेमकं काय?

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला असं मानतात. आणि काडतूस म्हटलं की आपल्याला शाळेतलं १८५७ आठवतं. ते काडतूस कागदाचं होतं. सैनिकाने ते दाताने फाडायचं, आतली दारू नळीत ओतायची, वरून गोळी ठासायची.

कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर दिल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीतही तत्त्व तेच. दारू किती घालायची हे प्रत्येक बाराला माणूसच ठरवतो.

पुढे पितळेचं काडतूस आलं आणि ही सगळी उठाठेव एका डबीत बंद झाली. त्या डबीचे चार भाग असतात.

पहिला भाग पुंगळी, म्हणजे पितळेची नळकांडी. गुन्ह्याच्या बातमीत "घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या" असं आपण वाचतो, तीच ही. दुसरा भाग प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसवलेली छोटी टिकली. तिच्यावर पिनचा ठोका बसला की ठिणगी पडते. तिसरा भाग दारू. आणि चौथा भाग पुढची गोळी.

बार झाला की प्रायमर संपतो, दारू जळते, गोळी निघून जाते. मागे उरते ती पुंगळी. चारही भागांत सहसा सगळ्यात महाग तीच असते आणि ती पुन्हा वापरता येते.

रिलोडिंगचा सगळा खेळ इथून सुरू होतो.

हा छंद आला कुठून?

१८७० च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात बायसनची प्रचंड शिकार चालू होती. इतकी, की पुढच्या १०-१५ वर्षांत हा प्राणी जवळजवळ संपलाच. हे शिकारी महिनोन्महिने गावापासून लांब असायचे. काडतुसं संपली की दुकान कुठे शोधणार? म्हणून ते शिसं, दारू आणि प्रायमर सोबत ठेवायचे आणि रात्री तळावर बसून जुन्या पुंगळ्या पुन्हा भरायचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाला खरी भरती आली. युद्ध संपल्यावर अमेरिकी सरकारकडे दारूचा मोठा साठा शिल्लक होता. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन यांनी तो विकत घेऊन छंदवाल्यांना विकायला सुरुवात केली. त्याच दशकात फ्रेड हंटिंग्टन यांनी कॅलिफोर्नियात आरसीबीएस ही रिलोडिंगची यंत्रं बनवणारी कंपनी उभी केली, तर जॉइस हॉर्नेडी यांनी नेब्रास्कात गोळ्या बनवायला घेतल्या. ही नावं आजही त्या बाजारात चालतात.

मग रायफलचं काडतूस हँडगनमध्ये कसं शिरलं?

इथे एका बंदुकीचं नाव घ्यावंच लागेल. थॉम्प्सन सेंटर कंटेंडर.

वॉरन सेंटर नावाच्या डिझायनरने ती तयार केली आणि १९६७ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या रॉचेस्टरमधून ती बाजारात आली. आपल्याकडची बारा बोअरची बंदूक जशी मधून मोडते आणि नळी खाली झुकते, तशीच ही. एक काडतूस घालायचं, बंद करायची, बार काढायचा, पुन्हा मोडायची.

गंमत अशी की तिची नळी बदलता येते. पुढची लाकडी पकड काढली, बिजागरीची पिन बाहेर काढली, की दुसऱ्या काडतुसाची नळी बसते. सकाळी छोट्या .२२ ची बंदूक, दुपारी मोठ्या काडतुसाची. मूठ आणि चाप तोच.

ही बंदूक नेमकी आहे काय, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही वाद झाला. कंपनी कंटेंडरसोबत लांब नळी आणि खांद्याला लावायचा दस्ता असलेला संच विकत होती. सरकारचं म्हणणं, यातून आखूड नळीची रायफल जोडता येते आणि तिच्यावर वेगळा कर लागतो. १९९२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. थोडक्यात, रायफल आणि हँडगनच्या सीमारेषेवर उभी असलेली ही वस्तू आहे.

तिला लोकप्रिय करण्यात एका खेळाचा मोठा हात होता. १९७६ मध्ये अमेरिकेत हँडगनने लोखंडी आकृत्या पाडण्याच्या स्पर्धांसाठी एक संघटना उभी राहिली. हा खेळ मूळचा मेक्सिकोतला. ५० मीटरवर कोंबडी, १०० मीटरवर डुक्कर, १५० मीटरवर टर्की आणि २०० मीटरवर मेंढा. सगळे पोलादी पत्र्याचे.

नियम साधा होता. नुसती गोळी लागून उपयोग नाही, आकृती पडली पाहिजे. २०० मीटरवरचा जाड पोलादी मेंढा साध्या पिस्तुलाच्या गोळीने सहज पडत नाही. गोळी जड हवी आणि वेगही हवा. मग लोक रायफलच्या काडतुसांकडे वळले. तिथून तीच बंदूक हरणाच्या आणि रानडुकराच्या शिकारीला जाऊ लागली.

दुकानातली काडतुसं का चालत नाहीत?

चालतात. पण या बंदुकीसाठी ती बनलेली नसतात. त्याची चार कारणं आहेत.

एक, नळी आखूड आहे. शिकारी रायफलची नळी साधारण २२ ते २६ इंच असते. या हँडगनची १० ते १५ इंच. रायफलच्या दारूला जळायला आणि गोळीला ढकलायला लांब नळी मिळेल असं गृहीत धरलेलं असतं. नळी आखूड झाली की गोळीचा वेग घटतो आणि उरलेली दारू बाहेर येऊन जळते. रीलमध्ये दिसणारा तो जाळ म्हणजे वाया गेलेली ताकद. घरी भरणारा माणूस थोडी लवकर जळणारी दारू निवडून हा जाळ आणि आवाज कमी करू शकतो.

दोन, गोळी उमलत नाही. शिकारीची गोळी लागल्यावर पुढून फुलासारखी उमलते, म्हणजे प्राणी लवकर मरतो. पण रायफलची गोळी रायफलच्या वेगाला उमलेल अशी बनवलेली असते. हँडगनमधून ती हळू निघाली तर न उमलता आरपार जाऊ शकते आणि प्राणी जखमी होऊन पळतो. म्हणून कमी वेगालाही उमलणारी गोळी निवडावी लागते. काही कंपन्या खास सिंगल-शॉट पिस्तुलांसाठी अशा गोळ्या बनवतात.

तीन, धक्का. इथे एक छोटा हिशोब करूया. समजा, २० ग्रॅमची गोळी सेकंदाला ५०० मीटर वेगाने निघाली. ४ किलोची रायफल असेल तर ती सेकंदाला अडीच मीटर वेगाने मागे येईल. २ किलोची हँडगन असेल तर ५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. धक्क्याची ऊर्जा थेट दुप्पट. त्यात बाहेर पडणाऱ्या वायूचा धक्का वेगळाच. शिवाय रायफल खांद्यावर टेकलेली असते, हँडगनचा सगळा भार मनगटावर.

तुलनेसाठी सांगायचं, तर अशा गोळीची ऊर्जा २,५०० जूल भरते. पोलिसांकडच्या ९ एमएम पिस्तुलाच्या गोळीची साधारण ५०० जूल. म्हणून अनेक जण हलकी गोळी आणि कमी दारू वापरून नरम काडतूस भरतात.

चार, काही काडतुसं दुकानात मिळतच नाहीत. एका काडतुसाची पुंगळी घेऊन तिची मान बारीक किंवा रुंद करायची आणि नवंच काडतूस तयार करायचं, याला तिकडे वाइल्डकॅट म्हणतात. ओहायोतल्या जे. डी. जोन्स यांच्या एसएसके कंपनीने कंटेंडरसाठी अशी एक मालिकाच काढली. त्यातलं .३७५ जेडीजे हे .४४४ मार्लिन या रायफल काडतुसाच्या पुंगळीपासून बनलं. अशा काडतुसाचे तयार डबे सहसा दुकानात नसतात, त्यामुळे मालकाने स्वतः भरण्याला पर्याय नाही.

एक फायदाही आहे. काही रायफलींमध्ये काडतुसं एकामागे एक अशी नळकांड्यात ठेवतात. तिथे टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकते आणि धक्क्याने तो फुटू शकतो. म्हणून तिथे सहसा चपट्या तोंडाच्या गोळ्या वापरतात. सिंगल-शॉटमध्ये एकच काडतूस असतं, त्यामुळे टोकदार गोळीही चालते.

त्या टेबलावर नेमकं काय होतं?

ढोबळमानाने क्रम असा असतो. रिकामी पुंगळी तपासायची, भेग असेल तर फेकून द्यायची. चांगली असेल तर स्वच्छ करायची. बार झाल्यावर पितळ फुगलेलं असतं, ते साच्यात दाबून पुन्हा मापात आणायचं. त्याच वेळी जुना प्रायमर बाहेर पडतो. लांबी वाढली असेल तर कापायची. नवा प्रायमर बसवायचा. दारू तोलून घालायची. गोळी बसवायची. पुन्हा मोजायचं.

दारू तोलायचं माप आहे ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. एका पौंडात ७,००० ग्रेन बसतात. आपल्याकडे सोनार गुंजेत तोलायचे, पण गुंजही ग्रेनच्या जवळपास दुप्पट भरते. इथे तर ग्रेनच्या दहाव्या भागाचाही हिशोब ठेवतात.

कोणत्या काडतुसात, कोणत्या गोळीमागे, कोणती दारू किती, हे कोणी मनाने ठरवत नाही. दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून त्याची जाडजूड पुस्तकं काढतात. त्यात सुरुवातीचं प्रमाण आणि कमाल प्रमाण दिलेलं असतं. (ते आकडे आपण इथे देणार नाही. का, ते पुढे कळेलच.)

आता मुख्य मुद्दा.

नाव एक, काडतूस एक, पण हिशोब तीन

.४५-७० गव्हर्न्मेंट. हे काडतूस अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलं. ४५ म्हणजे गोळीचा व्यास, इंचाचे पंचेचाळीस शतांश. ७० म्हणजे आत ७० ग्रेन काळी दारू. लष्कराने ते १८९० च्या दशकात बाजूला ठेवलं, पण शिकाऱ्यांनी सोडलं नाही. आज दीडशे वर्षांनीही या काडतुसाच्या नव्या बंदुका बनतात. कंटेंडरलाही त्याची नळी मिळायची.

१८७३ ची बंदूक काळ्या दारूसाठी होती. तिचं पोलाद आणि कुलूप त्या काळातलं. आज तेच काडतूस आधुनिक, मजबूत बंदुकीतही बसतं. पण काडतुसाला थोडंच कळतं की आपण कोणत्या बंदुकीत आहोत?

म्हणून रिलोडिंगच्या अनेक पुस्तकांत .४५-७० साठी एक तक्ता नसतो, तीन असतात. पहिला १८७३ च्या जुन्या स्प्रिंगफील्डसारख्या बंदुकांसाठी. दुसरा मार्लिन १८९५ सारख्या आधुनिक लिव्हर रायफलींसाठी, जिथे दाब बराच जास्त. तिसरा रुगर नंबर वन सारख्या भक्कम सिंगल-शॉट रायफलींसाठी, त्याहूनही जास्त. काही पुस्तकांत सिंगल-शॉट हँडगनचा वेगळाच विभाग असतो.

इथेच माणूस फसतो. "माझीही बंदूक सिंगल-शॉटच आहे की!" असं म्हणून तो तिसरा तक्ता उघडतो. सिंगल-शॉट हा शब्द दोन्हीकडे आहे, पण बंदुका वेगळ्या आहेत. रुगर नंबर वन मध्ये काडतुसाच्या मागे पोलादाचा जाड ठोकळा उभा सरकून बसतो. कंटेंडरची छोटी चौकट मधून मोडणारी आणि खिट्टीने बंद होणारी.

दाब म्हणजे किती?

आपल्या कुकरची शिट्टी साधारण १५ पीएसआय दाबाला होते. म्हणजे एका चौरस इंचावर १५ पौंड. गाडीच्या टायरमध्ये ३०-३५.

अमेरिकेत काडतुसांच्या दाबाची कमाल मर्यादा सामी ही उद्योगसंस्था ठरवते. १९२६ पासून ती हे काम करते. जुन्या बंदुकाही डोळ्यांसमोर ठेवून .४५-७० साठी तिची मर्यादा आहे २८,००० पीएसआय. म्हणजे कुकरच्या जवळपास १,८०० पट. .३०-३० या जुन्या शिकारी काडतुसाची मर्यादा ४२,००० आणि .३०८ विंचेस्टरची ६२,०००.

आता तुम्ही म्हणाल, .४५-७० चा दाब सगळ्यात कमी, मग काळजी कशाची?

गोम अशी आहे की बंदुकीच्या कुलपावर येणारा जोर फक्त दाबावर ठरत नाही. दाब गुणिले पुंगळीच्या बुडाचं क्षेत्रफळ, असा तो हिशोब आहे. .४५-७० ची पुंगळी जाडजूड, बुडाशी सुमारे अर्धा इंच. त्यामुळे २८,००० पीएसआयलाही मागच्या बाजूला साधारण २ टनांचा जोर येतो. एक मोठी एसयूव्ही क्षणभर त्या खिट्टीवर उभी केल्यासारखं. दाब दुप्पट झाला तर जोर ४ टन.

.३०८ ची पुंगळी थोडी बारीक, पण दाब इतका जास्त की जोर .४५-७० च्या दीडपटीहून वर जातो. म्हणूनच मूळ कंटेंडरसाठी .३०८ योग्य मानलं जात नाही. त्या ताकदीच्या काडतुसांसाठी कंपनीने १९९० च्या दशकात एन्कोर ही वेगळी, मोठी आणि मजबूत चौकट काढली.

आणि पितळ काहीच सांगत नाही

रिलोडिंग करणाऱ्यांमध्ये एक समज खोलवर रुजलेला आहे. थोडी थोडी दारू वाढवत जा, दाब जास्त झाला की पुंगळी सांगेल. प्रायमर चपटा होईल, बंदूक उघडायला जड जाईल, बुडावर चमकदार ठसा उमटेल. मग एक पायरी खाली या.

जास्त दाबाच्या, मजबूत रायफलीत या खुणा निदान इशारा तरी देतात. पूर्ण भरवशाच्या त्या तिथेही नाहीत. पण .४५-७० सारख्या काडतुसात हा सल्ला थेट घातक ठरू शकतो.

कारण पितळ आणि प्रायमर आजच्या जमान्याचे आहेत. ते ५०-६० हजार पीएसआयपर्यंतही ताण सहन करतात आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत. पण ज्या बंदुकीत ते आहेत, तिची मर्यादा २८,००० च्या आसपास असेल तर? पुंगळी "सगळं ठीक आहे" सांगत राहील आणि बंदुकीने मर्यादा कधीच ओलांडलेली असेल.

थोडक्यात, पुंगळी पुंगळीबद्दल सांगते, बंदुकीबद्दल नाही.

दुसरा धोका मोकळ्या जागेचा. ७० ग्रेन काळ्या दारूने ही पुंगळी गच्च भरायची. दोनदा दारू घातली तर ती सांडायचीच, चूक लगेच दिसायची. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी धूररहित दारू शोधली आणि चित्र बदललं. ही दारू कमी लागते आणि ताकद जास्त. मोठ्या पुंगळीत ती घातल्यावर वर बरीच जागा रिकामी राहू शकते. मधेच फोन वाजला, लक्ष विचलित झालं आणि काही दारूंच्या बाबतीत तीच पुंगळी दुसऱ्यांदा भरली गेली, तरी बाहेरून कळत नाही. गोळी बसवली की पुरावाच बंद.

उलटी चूकही होते. दारू घालायचीच राहिली तर एकट्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत मध्येच अडकते. ते न कळता पुढचा बार काढला तर नळी फाटू शकते.

आणि तिसरा धोका, दारू ओळखण्याचा. वेगवेगळ्या दारूंचे दाणे दिसायला सारखे असू शकतात, जळायला मात्र कमालीचे वेगळे. डोळ्यांनी ओळखता येत नाही. चुकून एका डब्यातली दारू दुसऱ्यात गेली, तर पुस्तकातला कोणताच आकडा लागू होत नाही.

मग जाणकार लोक काय काळजी घेतात?

अनुभवी रिलोडरचं टेबल पाहिलं तर ते कंटाळवाणं दिसतं, आणि तसंच असायला हवं. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. मोबाइल, टीव्ही, गप्पा बंद. दारू भरलेल्या पुंगळ्या एका ठोकळ्यात उभ्या आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत बॅटरीने डोकावून पाहणं. डोळ्यांवर चष्मा. शेवटी हात स्वच्छ धुणं, कारण प्रायमरच्या काजळीत आणि गोळ्यांत शिसं असतं.

आकडा नेहमी छापील पुस्तकातून किंवा दारूच्या कंपनीकडून. कोणाच्या पोस्टमधून किंवा व्हिडिओतून नाही. आम्हीही आकडे देत नाही त्याचं कारण हेच. संदर्भ सुटला की आकडा धोकादायक होतो. तो फक्त काडतुसाचा नसतो. ती गोळी, तो प्रायमर, ती दारू आणि ती बंदूक, या सगळ्यांचा मिळून असतो.

सुरुवात सगळ्यात कमी प्रमाणापासून. सोबत गोळीचा वेग मोजणारं यंत्र. पुस्तकात दिलेल्यापेक्षा वेग अचानक जास्त आला तर तो फुकटचा फायदा समजायचा नाही. जास्त वेग जास्त दाबातूनच येतो, तेव्हा थांबायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाची सवय म्हणजे डब्यावर चिठ्ठी. त्यावर तारीख, दारू, गोळी आणि ठळक अक्षरांत बंदुकीचं नाव. घरात एकाच काडतुसाच्या दोन बंदुका असतील तर मजबूत रायफलीसाठी भरलेलं काडतूस जुन्या किंवा नाजूक बंदुकीतही आरामात बसतं. बसतं म्हणजे चालतं असं नाही. भरणाऱ्याला ते माहीत असतं. पण त्याच्या मुलाला, मित्राला किंवा तो गेल्यानंतर कपाट उघडणाऱ्याला? दुसऱ्याने भरलेली काडतुसं वापरू नका, हा नियम तिथे याच कारणाने सांगितला जातो.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. व्यवसाय म्हणून बनवून विकायची असतील तर लागतो. राज्यांचे आणि शहरांचे नियम वेगळे असू शकतात. शिकारीचे हंगाम आणि कोणत्या शस्त्राने शिकार करता येईल, हेही प्रत्येक राज्य ठरवतं.

भारतात चित्र पूर्ण उलटं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवणं हा गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवरही बंदी आहे. माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका असेल अशा ठरावीक प्रसंगीच अधिकृत परवानगीची तरतूद आहे. त्यामुळे हे वाचून "आपणही करून बघू" असं मनात आलं असेल तर तो विचार इथेच सोडा.

पुण्याच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. अशा कारखान्यात बनवणारे वेगळे, तपासणारे वेगळे. एकाची चूक दुसरा पकडू शकतो. घरच्या टेबलावर कामगार, तपासनीस आणि ग्राहक एकच माणूस असतो. त्याची चूक पकडायला त्याच्याशिवाय कोणी नसतं. आणि निकाल लागतो तो त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

शेवटी शिकारीबद्दल

प्राण्याला मारून मिळवलेला हा कसला छंद, असं अनेकांना वाटतं. अमेरिकेतही वाटतं. हँडगनने शिकार करणारे सांगतात की एकच गोळी आणि कमी पल्ला यामुळे प्राण्याच्या खूप जवळ जावं लागतं आणि खात्री असल्याशिवाय चाप ओढता येत नाही. विरोधकांचं म्हणणं, आखूड नळी आणि जबर धक्का असलेल्या शस्त्राने प्राणी नुसताच जखमी होण्याची शक्यता वाढते. तुमचं मत काहीही असो, एक गोष्ट दोघांनाही मान्य व्हावी. धक्क्याच्या भीतीने नेम चुकणाऱ्या माणसाने जास्त ताकदीचं काडतूस भरून काही साधत नाही.

म्हणून पुढच्या वेळी ती रील समोर आली आणि हात कपाळावर गेलेला दिसला, तर आवाज आणि जाळ बघून थांबू नका. त्या काडतुसाच्या डब्यावर कोणत्या बंदुकीचं नाव लिहिलं होतं, हा खरा प्रश्न आहे. रीलमध्ये तो डबा कधीच दिसत नाही.